ग्नूप्लॉटमध्ये ग्रिड मागे की पुढे? पार्श्वभूमी, जाळी आणि डेटा यांचे थर कसे लावायचे

पावसाच्या महिनावार आकड्यांचा स्तंभालेख काढला, मागे फिकट करडा रंग दिला आणि ग्रिडच्या रेषा गायब झाल्या. किंवा तापमानाचा हीटमॅप (आकड्यांऐवजी रंगांची घरं असलेला आलेख) काढला आणि ग्रिड सुरू असूनही एकही रेषा दिसेना. दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. ग्नूप्लॉटने, म्हणजे आज्ञा देऊन आलेख काढणाऱ्या या प्रोग्रॅमने, रेषा काढलेल्या असतात, पण त्यांच्यावर नंतर दुसरं काहीतरी रंगवलेलं असतं. त्यामुळे रेषांची जाडी वाढवून किंवा रंग गडद करून काही साधत नाही. आधी काय रंगवलं जातं आणि नंतर काय, हे कळलं की दुरुस्ती एका शब्दाची असते.

या लेखातल्या सगळ्या आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टाइप करायच्या. ग्नूप्लॉट १९८६ सालापासून चालत आलेलं आहे. त्याची आज्ञांची भाषा सरळ इंग्रजी शब्दांची असल्याने उच्चारावरून मूळ शब्द ओळखायला अडचण येणार नाही.

रंगवण्याचा क्रम

ग्नूप्लॉट एका ठरलेल्या क्रमाने आलेख रचतं. सर्वांत आधी ‘बिहाइंड’ थर, मग ‘बॅक’ थर, मग प्रत्यक्ष डेटा, मग लेजंड, म्हणजे कोणता रंग किंवा रेषा कशाची ते सांगणारी सूची (आज्ञांमध्ये त्याला ‘की’ म्हणतात), आणि सर्वांत शेवटी ‘फ्रंट’ थर. नंतर आलेलं आधीच्यावर बसतं.

एवढं बहुतेकांना अंदाजाने माहीत असतं. खरी अडचण पुढच्या नियमाची आहे, आणि तो फारसं कुणी वाचत नाही: प्रत्येक थराच्या आतही एक क्रम असतो. एकाच थरात आधी ग्रिड, अक्ष आणि चौकट काढली जाते. त्यानंतर आयत, वर्तुळं, बहुभुज अशा वस्तू त्यांच्या क्रमांकानुसार येतात, मग लेबलं, आणि शेवटी बाण. म्हणजे ग्रिडही ‘बॅक’ आणि पार्श्वभूमीचा आयतही ‘बॅक’ असेल, तर आयत ग्रिडनंतर रंगवला जातो आणि जाळी पुसली जाते. ठिपक्यांची रांगोळी काढताना आधी गेरू सारवतात, मग ठिपके देतात, मग रेघा ओढतात. ठिपके दिल्यावर गेरू फिरवला तर ठिपके उरत नाहीत. इथे आयत म्हणजे तो गेरू आहे आणि त्याची जागा ‘बिहाइंड’ थरात आहे.

हे सगळं प्रोग्रॅममध्येच लिहिलेलं आहे. ग्नूप्लॉट उघडून ‘हेल्प लेयर्स’ असं टाइप करा, एका पडद्यात मावेल एवढा मजकूर येतो. तो एकदा तरी सावकाश वाचावा असं मी कळकळीने सांगेन.

आणखी एक गोष्ट मनात पक्की करायची. स्क्रिप्टमध्ये ‘सेट’च्या ओळी कोणत्या क्रमाने लिहिल्या याला थरांच्या बाबतीत महत्त्व नाही. ‘सेट’ने फक्त नोंद होते, रंगवणं सुरू होतं ते ‘प्लॉट’ आल्यावर. म्हणून आयताची ओळ ग्रिडच्या ओळीच्या वर नेऊन पाहणं, खाली आणून पाहणं यात वेळ घालवू नका.

पायरी १: कोरी सुरुवात आणि योग्य टर्मिनल

रीसेट
सेट एन्कोडिंग यूटीएफ८
सेट टर्मिनल पीएनजीकैरो साइज १२००,७०० फॉन्ट "नोटो सान्स देवनागरी,१४"
सेट आउटपुट "पाऊस.पीएनजी"

‘रीसेट’ का? कारण एकाच सत्रात दोन-तीन आलेख काढले की आधीच्या आलेखातले आयत आणि बाण नोंदीत तसेच राहतात आणि नव्या आलेखावर अवतरतात. थर नीट लावूनही चित्र विचित्र दिसत असेल तर बऱ्याचदा हा जुना माल असतो.

टर्मिनल म्हणजे चित्र कोणत्या स्वरूपात बाहेर पडणार ते ठरवणारा भाग. पीएनजीकैरो निवडण्याची कारणं दोन. ते पारदर्शक रंग नीट दाखवतं, आणि अक्षरं पँगो या लायब्ररीकडून मांडून घेत असल्याने मराठी जोडाक्षरं आणि वेलांट्या जागेवर येतात. छपाईसाठी पीडीएफ हवी असेल तर पीडीएफकैरो घ्या, गुण तेच.

पायरी २: पार्श्वभूमी

सेट ऑब्जेक्ट १ रेक्टँगल फ्रॉम ग्राफ ०,० टू ग्राफ १,१ बिहाइंड फिलकलर आरजीबी "ग्रे९०" फिलस्टाइल सॉलिड १.० नोबॉर्डर

‘ग्राफ ०,०’ म्हणजे आलेखाच्या चौकटीचा डावा-खालचा कोपरा, ‘ग्राफ १,१’ म्हणजे उजवा-वरचा. अक्षांची मर्यादा बदलली तरी आयत चौकटीला धरून राहतो. ‘नोबॉर्डर’ विसरू नका, कारण आयताला मुळातच काळी कड असते आणि ती चौकटीच्या रेषेखाली दुहेरी होऊन दिसते.

फक्त चौकटीचा नव्हे, पूर्ण पानाचा रंग बदलायचा असेल तर दोन मार्ग आहेत. ‘ग्राफ’च्या जागी दोन्हीकडे ‘स्क्रीन’ लिहिलं की आयत पानभर पसरतो. पण मी टर्मिनलच्या ओळीतच ‘बॅकग्राउंड आरजीबी’ लिहून पुढे रंग देणं पसंत करतो. एकाच पानावर अनेक आलेख मांडताना पानभर आयत घोटाळा करतो. त्याचं कारण पुढे येईलच.

पायरी ३: पट्टा

आपला आलेख पावसाचा आहे. आडव्या अक्षावर १ ते १२ असे महिने आहेत. जून ते सप्टेंबर हा नैऋत्य मोसमी पावसाचा काळ मागच्या रंगातूनच वेगळा दिसला तर वाचणाऱ्याला स्तंभ मोजत बसावं लागत नाही.

सेट एक्सरेंज [०.५:१२.५]
सेट ऑब्जेक्ट २ रेक्टँगल फ्रॉम फर्स्ट ५.५, ग्राफ ० टू फर्स्ट ९.५, ग्राफ १ बिहाइंड फिलकलर आरजीबी "लाइट-ब्लू" फिलस्टाइल सॉलिड १.० नोबॉर्डर

इथे एकाच बिंदूत दोन मापं मिसळली आहेत. आडवं अंतर ‘फर्स्ट’ने, म्हणजे अक्षावरच्या खऱ्या आकड्यांत, उभं अंतर ‘ग्राफ’ने, म्हणजे चौकटीच्या तळापासून माथ्यापर्यंत. ही सोय मला ग्नूप्लॉटची सर्वांत उपयोगी सोय वाटते. पाऊस कितीही पडो, पट्टा माथ्याला टेकलेलाच राहतो.

क्रमांकांकडे लक्ष द्या. करडा आयत १, निळा पट्टा २. दोन्ही ‘बिहाइंड’मध्येच आहेत, म्हणून लहान क्रमांक आधी आणि मोठा त्याच्यावर. उलट क्रमांक दिले तर पट्टा करड्या रंगाखाली दडपला जाईल. पुढे एखादी वस्तू मध्ये घालावी लागते, म्हणून मी क्रमांक १०, २०, ३० असे सुटे देतो.

पायरी ४: ग्रिड

सेट ग्रिड वायटिक्स बॅक लाइनकलर आरजीबी "व्हाइट" लाइनविड्थ १.५ डॅशटाइप सॉलिड
सेट स्टाइल फिल सॉलिड १.० नोबॉर्डर
सेट बॉक्सविड्थ ०.७
प्लॉट "पाऊस.डॅट" यूझिंग १:२ विथ बॉक्सेस लाइनकलर आरजीबी "स्टीलब्लू" नोटायटल

थर सांगणारा शब्द रेषेच्या वर्णनाच्या आधी येतो, हा क्रम पाळा. काहीच लिहिलं नाही तर ‘लेयरडिफॉल्ट’ लागू होतं आणि द्विमितीत त्याचा अर्थ ‘बॅक’च. तरीही तो शब्द स्पष्ट लिहावा, म्हणजे सहा महिन्यांनी स्क्रिप्ट उघडणाऱ्याला हेतू कळतो.

टिक्स म्हणजे अक्षावरच्या आकड्यांच्या खुणा. ‘वायटिक्स’ लिहून फक्त उभ्या अक्षावरच्या खुणांच्या आडव्या रेषा ठेवल्या आहेत. महिन्यांच्या स्तंभालेखात उभ्या रेषा स्तंभांच्या मधोमध जातात आणि काहीच सांगत नाहीत. बारीक उपरेषा हव्या असतील तर ‘सेट एमवायटिक्स ५’ लिहून ग्रिडच्या ओळीत ‘एमवायटिक्स’ जोडा. रेषेचं वर्णन स्वल्पविरामाने दोनदा दिलं की पहिलं मुख्य रेषांना आणि दुसरं उपरेषांना लागतं. एकदाच दिलं तर दोघींना तेच, आणि मग जाळी फार दाट होते.

ग्रिड पुढे कधी आणायचं

माझं मत स्पष्ट आहे: डेटा रेषांचा किंवा ठिपक्यांचा असेल तर ग्रिड मागेच. पुढे आणलेली जाळी वक्राला जागोजागी छेदते आणि डोळा वक्रापेक्षा जाळी वाचू लागतो. पण डेटा चौकट भरून टाकणारा असेल, म्हणजे हीटमॅप, उपग्रहचित्र, भरीव क्षेत्रालेख किंवा दहा-वीस हजार ठिपक्यांचा ढग, तर मागचं ग्रिड कधीच दिसणार नाही. तिथे ‘फ्रंट’ लिहायलाच हवं.

सेट ग्रिड एक्सटिक्स वायटिक्स फ्रंट लाइनकलर आरजीबी "व्हाइट" लाइनविड्थ ०.५
प्लॉट "तापमान.डॅट" मॅट्रिक्स विथ इमेज

हीटमॅपवर काळी जाळी टाकू नये. काळ्या रेषांमुळे दोन घरांमधला सूक्ष्म फरक मारला जातो. अर्धपारदर्शक पांढरी बारीक रेषा बहुतेक रंगपट्ट्यांवर चालते. अर्धपारदर्शक रंगासाठी रंगकोडाच्या नेहमीच्या सहा चिन्हांच्या आधी आणखी दोन चिन्हं लिहायची असतात. ‘००’ म्हणजे पूर्ण अपारदर्शक, ‘एफएफ’ म्हणजे पूर्ण पारदर्शक, ‘८०’ म्हणजे साधारण निम्मं. वेबपानांच्या सीएसएसमध्ये हे बरोबर उलट असतं: तिथे ही दोन चिन्हं शेवटी येतात आणि ‘एफएफ’ म्हणजे अपारदर्शक. वेब डिझाइनची सवय असलेल्यांनी इथे थांबून तपासावं.

हीटमॅपमध्ये दुसरा एक पेच आहे. प्रत्येक घर पूर्णांकावर मध्य धरून बसतं: ३ क्रमांकाचं घर २.५ पासून ३.५ पर्यंत. टिक्स पूर्णांकांवर असल्याने जाळी घरांच्या कडांवरून न जाता पोटातून जाते. उपाय छान आहे. टिक्समधलं अंतर १ ठेवा, ‘सेट एमएक्सटिक्स २’ आणि ‘सेट एमवायटिक्स २’ करा, म्हणजे उपटिक्स बरोबर अर्ध्यावर येतील, आणि ग्रिड फक्त उपटिक्सचं काढा:

सेट ग्रिड नोएक्सटिक्स नोवायटिक्स एमएक्सटिक्स एमवायटिक्स फ्रंट लाइनकलर आरजीबी "व्हाइट" लाइनविड्थ १

आता आकडे घराच्या मध्यावर आणि रेषा घराच्या कडेवर.

स्तंभालेखातही ‘फ्रंट’चा एक देखणा उपयोग होतो. पार्श्वभूमी पांढरी ठेवा आणि पांढरं ग्रिड पुढे आणा. रिकाम्या जागेत ते दिसत नाही, फक्त स्तंभांना आडव्या खाचा पडल्यासारखं दिसतं. प्रत्येक खाच म्हणजे एक ठरावीक परिमाण, त्यामुळे उंची मोजणं सोपं होतं आणि कागदावरची शाई कमी होते. मात्र आपल्या करड्या पार्श्वभूमीवर हे करू नका. तिथे रेषा सगळीकडेच दिसतील आणि युक्ती वाया जाईल.

‘फ्रंट’ केल्यावर दोन परिणाम सोबत येतात. पहिला, ग्रिडबरोबर टिक्सच्या खुणाही पुढे येतात. म्हणून ‘सेट ग्रिड’मध्ये एक आणि ‘सेट टिक्स’मध्ये दुसराच थर असं परस्परविरोधी लिहू नका. दुसरा, लेजंड ‘फ्रंट’ थराच्या आधी रंगवलं जात असल्याने पुढची जाळी त्याच्या अक्षरांवरून जाते. ‘सेट की ओपेक’ने लेजंड डेटाच्या वर येतं आणि त्याची चौकट भरीव होते, पण ‘फ्रंट’ ग्रिडपासून त्याने बचाव होत नाही. अशा वेळी लेजंड सरळ ‘सेट की आउटसाइड’ करून बाहेर काढा.

जाळी मागेच, पण दिसायला हवी

दोन वक्रांमधलं क्षेत्र रंगवलं आहे आणि त्यातून मागची जाळी झिरपावी अशी इच्छा आहे. इथे पुष्कळजण ‘फिलस्टाइल सॉलिड ०.३’ लिहितात आणि रंग फिकट झाला तरी जाळी का दिसत नाही म्हणून बुचकळ्यात पडतात. ‘सॉलिड’पुढचा आकडा रंगाची तीव्रता कमी करतो, रंग फिका होतो, पण अपारदर्शकच राहतो. खरी पारदर्शकता हवी तर:

प्लॉट "कमाल-किमान.डॅट" यूझिंग १:२:३ विथ फिल्डकर्व्ह्ज फिलस्टाइल ट्रान्सपरंट सॉलिड ०.३ नोबॉर्डर

एका ‘ट्रान्सपरंट’ शब्दाचा फरक आहे. जाळी पुढे आणण्यापेक्षा हा मार्ग मला नेहमी जास्त प्रामाणिक वाटतो, कारण डेटा डेटाच्या जागी राहतो आणि मोजपट्टी मोजपट्टीच्या.

‘प्लॉट’च्या एकाच ओळीत अनेक संच असतील तर डावीकडचा आधी आणि उजवीकडचा त्यावर. भरीव क्षेत्र आधी लिहा, रेषा नंतर.

एखादीच रेषा पुढे

कधी पूर्ण जाळी मागे हवी असते आणि फक्त एक पातळी, समजा ५०० मिलिमीटरची, स्तंभांवरूनही दिसायला हवी असते. ग्रिडमधली एकच रेषा उचलून पुढे आणता येत नाही. तिथे डोकं नसलेला बाण वापरतात:

सेट ॲरो १ फ्रॉम ग्राफ ०, फर्स्ट ५०० टू ग्राफ १, फर्स्ट ५०० नोहेड फ्रंट लाइनकलर आरजीबी "रेड" लाइनविड्थ २
सेट लेबल १ "नैऋत्य मोसमी पाऊस" ॲट फर्स्ट ७.५, ग्राफ ०.९५ सेंटर फ्रंट

बाण आणि लेबल दोन्ही मुळात ‘बॅक’ असतात. लेबल लिहूनही दिसत नसेल तर ते बहुधा स्तंभाखाली आहे.

चौकटीची गोष्ट वेगळी: ती मुळातच ‘फ्रंट’ असते. त्यामुळे अक्षाला चिकटलेल्या ठिपक्यांवरून काळी रेषा जाते. ‘सेट बॉर्डर ३ बॅक’ने फक्त खालची आणि डावी बाजू उरते आणि ती मागे जाते. ३ हा आकडा बेरजेतून येतो: खालची बाजू १, डावी २, वरची ४, उजवी ८.

एका पानावर अनेक आलेख

‘मल्टिप्लॉट’मध्ये थरांचा क्रम प्रत्येक आलेखाला स्वतंत्रपणे लागतो, पूर्ण पानाला नाही. दुसऱ्या आलेखाचा ‘बिहाइंड’ थरसुद्धा पहिल्या आलेखाच्या ‘फ्रंट’च्या वर येतो. म्हणूनच ‘स्क्रीन ०,० टू स्क्रीन १,१’ असा पानभर आयत ठेवला तर दुसरा आलेख सुरू होताच पहिला झाकला जातो. पानाचा रंग टर्मिनलच्या ओळीत द्या म्हणालो ते यासाठी.

हाच नियम कामालाही लावता येतो. दोन जाळ्या हव्या असतील, एक डेटामागे करडी आणि एक पुढे विरळ पांढरी, तर ‘सेट ग्रिड’ दोनदा लिहून उपयोग नाही, कारण दुसरी ओळ पहिलीत बदल करते. मल्टिप्लॉट उघडा. चारही समास ‘सेट एलमार्जिन ॲट स्क्रीन ०.१’ अशा पद्धतीने पक्के करा आणि दोन्ही अक्षांच्या मर्यादा आकड्यांत द्या. पहिल्या फेरीत मागच्या ग्रिडसह डेटा काढा. मग ‘अनसेट ऑब्जेक्ट’ करा. हे राहिलं तर करडा आयत पुन्हा येऊन सगळं पुसेल. पुढचं ग्रिड लावा आणि ‘प्लॉट नॅन नोटायटल’ लिहा. रिकाम्या डेटासाठीचा हा ‘नॅन’ तीन अक्षरी असून त्यातलं पहिलं आणि तिसरं अक्षर मोठं लिहावं लागतं.

त्रिमिती

त्रिमितीय आलेख काढणाऱ्या ‘स्प्लॉट’ आज्ञेमध्ये ‘लेयरडिफॉल्ट’चा अर्थ बदलतो. जाळी आणि खोका दोन भागांत विभागले जातात, एक भाग पृष्ठभागामागे आणि एक पुढे, म्हणजे खोली भासते. साध्या पृष्ठभागासाठी हे सोडून देणंच उत्तम. ‘सेट व्ह्यू मॅप’ करून वरून पाहिलेला नकाशा काढत असाल तर मात्र ‘फ्रंट’ लिहा. आणि ‘सेट हिडन३डी’ सुरू असेल तर ग्रिडच्या थराचे शब्द दुर्लक्षित होतात; तिथे ग्रिडही लपलेल्या रेषा काढण्याच्या गणितातूनच जातं.

दुसरी साधनं वापरणाऱ्यांसाठी

पायथनच्या मॅटप्लॉटलिब या लायब्ररीमध्ये थरांना शब्द नसून ‘झेडऑर्डर’ नावाचा आकडा असतो: स्तंभांसारख्या भरीव आकृत्या १, रेषा २, मजकूर ३. ग्रिड मुळात १.५ वर असतं, म्हणून तिथे तक्रार उलटी असते, जाळी स्तंभांवरून जाते. ‘सेट_ॲक्सिसबिलो’ला ‘ट्रू’ दिलं की ती ०.५ वर उतरते. चित्रं शून्यावर असल्याने तेव्हाही हीटमॅपवर जाळी दिसत राहते. एक्सेलमध्ये ग्रिडरेषा स्तंभांच्या पुढे आणण्याची सोय नाही. तिथे स्तंभांचा रंग पारदर्शक करणं हाच सरळ मार्ग.

तरीही दिसत नसेल तर

आधी ‘शो ग्रिड’ टाइप करा: ग्रिड खरंच सुरू आहे का आणि कोणत्या थरात, ते कळेल. मग ‘शो ऑब्जेक्ट’: न मागवलेला एखादा आयत सापडतो का पाहा. ग्रिड टिक्सवर अवलंबून असतं, म्हणून ‘अनसेट वायटिक्स’ केलेलं असेल तर आडव्या रेषा येणारच नाहीत. आकडे नको पण रेषा हव्या असतील तर टिक्स ठेवून ‘सेट फॉरमॅट वाय ""’ करा. रंग पार्श्वभूमीशी मिळून गेला असेल तर तात्पुरतं ग्रिड लाल आणि जाडी ३ करून बघा. तरीही रेषा आली नाही तरच थराचा दोष समजा.

लाटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीसाठीची काही टर्मिनलं, उदाहरणार्थ कैरोलाटेक, मजकूर आणि चित्र दोन वेगळ्या प्रवाहांत साठवून शेवटी एकत्र करतात. तिथे एखादा ‘फ्रंट’ आयत लेबलाला झाकेल अशी अपेक्षा धरू नका. मजकुराखाली भरीव पट्टी हवी असेल तर ती त्या टर्मिनलमध्येच काढून, अंतिम पीडीएफ उघडून तपासा. पडद्यावरच्या खिडकीत बरोबर दिसणं तिथे पुरेसं नाही.